दाबून धरा

दांडिया बाजारातल्या दवाखान्यात
बावीस वर्षं मी हीच वाक्यं बोलले:
कापूस दाबून धरा. पाऊण तास. बोलू नका.
थुंकायचं नाही, गिळा.
आज चूळ नको. उद्यापासून
कोमट पाणी, चिमूटभर मीठ,
खळखळून नाही, नुसतं तोंडात फिरवायचं.
गुजरातीत, मराठीत, हिंदीत,
एकदा खुणांनी, एका मुक्या शिंप्याला.
सगळ्यांत नीट त्यानंच ऐकलं.

सांगताना मी बहुधा पावती फाडत असे.

आता अक्कलदाढ माझी.
जबड्यात कुशीवर निजलेली,
पुढच्या दाढेला डोक्यानं ढुशी देणारी.
घोरपडे डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली,
"शैलाबाई, हिला आता उठवायलाच हवं."
आणि मग मलाच विचारलं:
रक्त पातळ करायची गोळी?
नाही, म्हटलं मी. फॉर्म भरून घेणारी बाई मी.
जिना उतरताना आठवली
ती छोटी पिवळी, संक्रांतीपासून रोज जेवणानंतर.
परत वर गेले.
डॉक्टर रागावले नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला,
मला म्हणाले, आपल्या मनानं बंद करू नका हं.
हेही मीच सांगते लोकांना.

सगळे सुईला घाबरतात.
सुई डसते मुंगीएवढी. मग ओठ परका होतो,
शेजारणीचा ओठ वाळत घातलाय
आपल्या तोंडावर.
दुखत नाही. दाबतं, ओढतं, दुखत नाही.
पण आवाज.
त्याचं मी कुणालाच बोलले नव्हते.
तो कानातून येत नाही, हाडातून येतो.
वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट सरकवतंय
आणि ते घर म्हणजे आपण.

दुखलं तर डावा हात वर करा, असं मी सांगते.
मी केला.
दुखत नव्हतं. थांबतात का, ते पाहायचं होतं.
थांबले.

दोन टाके. दाढेचे तीन तुकडे ट्रेमध्ये;
असे हजारो मी धुतलेत,
हे मात्र ओळखीचे वाटेनात.

झंखनाला नोकरीला लागून तीन आठवडे झालेत.
माझाच छापील कागद घेऊन समोर बसली,
बोट ठेवून वाचू लागली:
"थूंकवानुं नहीं, माशी."
बर्फ गालावर, फडक्यात गुंडाळून,
दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा.
गरम नको, तिखट नको, स्ट्रॉनं ओढून पिणं नको.
मावा नको, हे वाचून ती स्वतःच हसली.
एक ओळ तिनं गाळली,
बधिर आहे तोवर गाल चावू नका.
मी तोंडात कापूस धरून
तिच्या मनगटावर टकटक केलं.
तिनं मागे जाऊन वाचली.
पावती पुस्तक तिनं उघडलंच नव्हतं.

रात्री जीभ निघाली शोधायला.
तिला नको म्हटलं तरी जाते,
खड्ड्याच्या काठाशी उभी राहते.
तिथं रक्ताची गुठळी बसली आहे,
जेलीसारखी, काळसर.
ती घाण नव्हे. उकरायची नाही.
उघड्या हाडावर तेवढंच एक पांघरूण आहे.

दुसऱ्या दिवशी गाल फुगला,
दूधवाल्यानं विचारलं, बेन, कोणी मारलं?
तिसऱ्या दिवशी उतरू लागला.
चौथ्यापासून दुखणं उलट वाढलं,
कानात चढलं,
तर फोन करा, रात्र असली तरी.
कागदावर हे शेवटी आहे, बारीक अक्षरात.
शेवटी का ठेवलं होतं मी?

सातव्या दिवशी टाके काढले.
दुपारी मकरपुऱ्याचा एक फिटर आला,
दंड असे, आणि खुर्चीत बसताना
लहान मुलासारखा हात शोधत होता.
मी पावती पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं.
"आवाज येईल," म्हटलं.
"केवो?" त्यानं विचारलं.

कपाटाचं सांगायला लागले,
आणि तो ऐकू लागला,
तोंड अजून मिटलेलंच.